दोन इमारतींमधली मोकळी जागा: नाशिकच्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व परिसरातील विद्यापीठे, उपकेंद्रे आणि महाविद्यालये यांच्या इमारत व बांधकाम समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्याच शहरातल्या एका विद्यापीठाच्या आवारात इमारतींच्या बेचक्यात एक छोटा उघडा चौक आहे. त्याला फलक नाही, आवाराच्या नकाशात नाव नाही. पश्चिमेकडच्या दुमजली इमारतीखालून सहा फूट रुंदीची बोळ जाते, तिच्यातून पलीकडे गेले की तो समोर येतो. बाहेर डांबरी रस्ता आणि पत्र्याची पार्किंग शेड आहे. मे महिन्यात भर दुपारी तिथे पाच मिनिटे उभे राहवत नाही. त्याच वेळी आत चौकात मुले-मुली ओट्यावर डबे उघडून बसलेली दिसतात. विद्यापीठाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. तिथे बघ्यांची गर्दी झाली तर ज्यांच्यासाठी ती जागा आहे त्यांनाच बसायला मिळणार नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही इमारतींचे नकाशे काढणारे, दगड-फरशीची कामे करून घेणारे आणि झाडे लावून ती जगवणारे लोक आहोत. त्या चौकाची मापे आम्ही टेप लावून घेतली. इतक्या साध्या सामानात इतकी चांगली जागा कशी झाली, ते आपल्यापुढे मांडायचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आवारात नव्या इमारती येत आहेत आणि त्यांच्या नकाशांत हवा-उजेडासाठी सोडलेली एखादी तरी मोकळी जागा असणारच. त्या जागेचे पुढे काय होते, हे आपण सगळे पाहतो: पेव्हर ब्लॉक, मोडक्या बाकांचा ढीग, एसीचे बाहेरचे युनिट. तिचा चौक होऊ शकतो. फक्त त्याची मापे पाया खणण्याआधी ठरली पाहिजेत. उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशात तो होत नाही.

चौकाचे माप पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिणोत्तर ४० फूट. पश्चिमेला २३ फूट उंचीची दुमजली इमारत. दक्षिणेला आणि उत्तरेला एकमजली बांधकाम, सुमारे ११ फूट उंच, दोघांनाही चौकाकडे ८ फूट रुंदीची ओसरी. पूर्वेला फक्त चार फुटांची विटांची जाळीची भिंत आणि आत यायला सपाट वाट. उंच बाजू पश्चिमेला, बुटकी दक्षिणेला, मोकळी पूर्वेला: चौकाचे अर्धे यश या मांडणीत आहे, आणि ती सूर्याकडे बघून केलेली आहे.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. घड्याळात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, कारण आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत. या वेळी कितीही उंच भिंत बांधली तरी तिची सावली पडत नाही. अकरा ते तीन या वेळेत सावली हवी असेल तर ती वरूनच मिळणार, म्हणजे झाडाची किंवा छपराची. तीननंतर मात्र भिंत कामाला येते. २३ फुटांच्या पश्चिमेकडच्या इमारतीची सावली साडेतीनला सुमारे २० फूट पुढे येते आणि सव्वाचारच्या सुमारास चौकाच्या पूर्व टोकाला पोचते. मेमधल्या नाशिकचा सर्वांत त्रासदायक वेळ साडेतीन ते साडेपाच हाच, कारण तोपर्यंत जमीन आणि भिंती तापून बसलेल्या असतात. तेवढ्या वेळात चौकाचा मोठा भाग, आणि सव्वाचारनंतर सगळा चौक, सावलीत असतो. हीच उंच इमारत पूर्वेला आणि मोकळी बाजू पश्चिमेला असती, तर मापे तीच राहूनही चौक संध्याकाळपर्यंत बसण्याजोगा झाला नसता.

आता डिसेंबर बघू. नाशिकची थंडी निफाडइतकी नसली तरी सकाळी दहापर्यंत माणूस ऊनच शोधतो. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेकडचे बांधकाम ११ फुटांचे असल्याने त्याची सावली चौकात साडेदहा फूटच येते, उरलेले जवळजवळ ३० फूट उन्हात राहतात. तिथे दुमजली इमारत असती तर बावीस फूट, म्हणजे निम्म्याहून जास्त चौक भर दुपारीही गारठलेला राहिला असता. सकाळचे ऊन आग्नेयेकडून तिरपे येते. पूर्वेची भिंत बुटकी असल्यामुळे ते नऊ-साडेनऊपासून उत्तरेकडच्या ओट्यावर पोचते. म्हणून तिथे दोन बसायच्या जागा आहेत: हिवाळ्यातली उत्तरेच्या ओट्यावर, उन्हाळ्यातली दक्षिणेच्या ओट्यावर झाडाखाली. मुलांना हे कुणी सांगितलेले नाही, तरी ऋतू बदलला की बैठक आपोआप सरकते.

ओटा ही या चौकातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. ओसरीची जमीन चौकापेक्षा बरोबर दीड फूट उंच ठेवली आहे. दीड फूट म्हणजे आरामात पाय टेकवून बसण्याची उंची. त्यामुळे ओसरीची कड हेच बाक झाले आहे, दोन्ही बाजूंना तीस-तीस फूट. कडेला दीड फूट रुंदीचा सलग दगड, वरची धार गोल केलेली, म्हणजे मांडीखाली रुतत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या चौकाला ज्यांनी बघितले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. नवल याचे वाटते की हे साधे शहाणपण आपण महाविद्यालयांच्या इमारतींतून घालवले आणि त्याऐवजी दरवर्षी लोखंडी बाके विकत घेऊ लागलो. ओसरीची रुंदी आठ फुटांपेक्षा कमी करू नका. कडेला बसलेल्या माणसाला दीड-दोन फूट लागतात, वर्गाचा दरवाजा बाहेर उघडत असेल तर त्याला तीन, आणि मधून दोघे एकमेकांना धक्का न लावता गेले पाहिजेत. सहा फुटांच्या ओसरीत शिपाई दर तासाला बसलेल्यांना उठवतो आणि तो बिचारा चुकत नसतो.

उंची दीड फूट घेतली की चाकाच्या खुर्चीचा विचार त्याच नकाशात करावा लागतो. एकास बारा या उताराने दीड फुटाला १८ फूट लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. म्हणजे २८ फूट. ४० फुटांच्या पूर्व बाजूला तो सहज बसतो. नंतर आठवण झाली की तो आठ फुटांत कोंबला जातो, आणि असा रॅम्प चढायलाच नव्हे, उतरायलाही धोक्याचा असतो.

ओसरीचे छप्पर ओट्याच्या पुढे दोन फूट आलेले आहे. पागोळ्या जिथे पडतात, बरोबर त्या रेषेखाली दगडात कोरलेली उथळ नाली आहे: नऊ इंच रुंद, मध्ये तीन इंच खोल, कडा निमुळत्या, म्हणजे पाय अडखळत नाही. पाऊस सुरू असताना ओट्यावर बसले तर पाण्याची धार गुडघ्यांपुढे पडते, अंगावर शिंतोडेही येत नाहीत. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपत येतो. तो मारा दुमजली इमारत अडवते. ज्यांनी नाली छपराच्या रेषेपासून फूटभर इकडे-तिकडे केली आहे, त्यांच्याकडे पागोळ्यांनी फरशीच्या सांध्यांतली खडी उकरून काढलेली आणि ओट्याच्या उभ्या दगडावर चिखलाचे डाग उडालेले दिसतील. ओळंबा छपराच्या कडेवरून सोडा आणि मगच नालीची दोरी बांधा, इतकेच करायचे असते.

पाण्याचा हिशोबही सांगतो, कारण चौक बिघडतो तो नव्वद टक्के वेळा पाण्याने. चौक सुमारे १११ चौरस मीटर, दोन्ही ओसऱ्यांची छपरे मिळून सुमारे ५६, एकूण १६७ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने सर आली तर सेकंदाला सुमारे ४.६ लिटर पाणी जमते. एकास शंभर उताराने टाकलेला ११० मिलिमीटरचा पाइप स्वच्छ असताना सेकंदाला साडेसहा-पावणेसात लिटर वाहून नेतो. कागदावर तो पुरतो. पहिल्याच पावसात वाळलेली पाने आणि एखादी वेफरची पिशवी तोंडाशी बसली की तो अर्ध्यावर येतो आणि चौकाचा हौद होतो. म्हणून १६० मिलिमीटरचा पाइपच टाका. किमतीतला फरक एकूण कामात दिसतही नाही. फरशीला पश्चिमेकडून पूर्वेकडे एकास ऐंशी उतार द्या, म्हणजे ३० फुटांत साडेचार इंच. त्याहून कमी उतार खडबडीत दगडावर चालत नाही, डबकी राहतात. पाइपाच्या आधी दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल चेंबर ठेवा. पाइपाचे तोंड चेंबरच्या तळापासून नऊ इंच वर हवे, म्हणजे गाळ खाली बसतो. झाकणाची जाळी एका माणसाला हाताने उचलता आली पाहिजे. जी जाळी उचलायला पहार लागते, ती वर्षानुवर्षे उचलली जात नाही. पुढचे पाणी शोषखड्ड्यात सोडायचे असेल तर तो इमारतीच्या पायापासून किमान दहा फूट दूर घ्या आणि जादा पाण्याला बाहेर जायला वाट ठेवा.

फरशीखालचे काम हे दिसत नाही म्हणून नेहमी मारले जाते. नाशिकमध्ये कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठे पाच फुटांपर्यंत काळी माती असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर काँक्रीटचा कोबा करून फरशी चिकटवली तर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कोबा तडकतो आणि तडा फरशीतून वर येतो. या चौकात कोबा नाही. साधारण चौदा इंच खोदून तळ ठोकला आहे. त्यावर सहा इंच मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. त्यावर चार इंच ४० मिलिमीटरची खडी, मग दीड इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि वर दोन इंच जाडीचा दगड. काळी माती खोल असेल तर आणखी किमान सहा इंच काढून मुरूम वाढवावा लागेल. दगडांमधले सांधे पाऊण ते एक इंच, त्यात सिमेंट नाही, सहा मिलिमीटरची बारीक खडी. पाणी थोडे त्यातून मुरते, थोडे वाहते, आणि एखादा दगड खचलाच तर गवंडी अर्ध्या तासात तो उचलून खाली क्रश सँड टाकून पुन्हा बसवतो. कडेचे दगड मात्र सिमेंटमध्ये घट्ट हवेत. कड सुटली की आतले सगळे हळूहळू सरकते.

झाडाची जागा वगळून फरशी साधारण १,०५० चौरस फूट येते. तेवढ्याला सात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम, साडेचार ब्रास खडी, दीड ब्रास क्रश सँड आणि तोडमोड धरून ११३० चौरस फूट दगड लागतो. कंत्राटदाराची मोजणी याच्या फार खाली आली तर कुठला तरी थर पातळ झाला आहे असे समजा.

दगड कोणता? आपला काळा दगड टिकाऊ आहे आणि छिन्नीने टाकी मारून खडबडीत करून घेतला तर ओला असतानाही पाय सरकत नाही. पण उघड्या उन्हात तो फार तापतो आणि संध्याकाळी ती धग परत सोडतो. म्हणून त्या चौकात काळा दगड झाडाखाली आणि नालीला आहे, उन्हाच्या पट्ट्यात आणि ओट्याच्या कडेला फिकट रंगाचा खडबडीत शहाबादी. घोटलेला ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल चौकात अजिबात नको. पेव्हर ब्लॉकबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे: गाड्या जिथे फिरतात तिथे तो ठीक, माणसे जिथे बसतात तिथे त्याचे काही काम नाही.

आता झाड. एकच आहे, बकुळ. नैर्ऋत्य कोपऱ्यात, दोन्ही बाजूंपासून दहा फूट सोडून लावलेली, खोड आठ फुटांपर्यंत मोकळे केलेले, वर वीसेक फुटांची गोल छत्री. जागा फार विचाराने निवडली आहे. दुपारची सावली दक्षिणेच्या ओट्यावर पडते. डिसेंबरात सकाळी सावली वायव्येकडे, भिंतीवर जाते, मध्यान्ही उत्तरेकडे सरकते, तरी उत्तरेच्या ओट्यापर्यंत पोचत नाही. परदेशी पुस्तकांत नेहमी सल्ला असतो की पानगळीचे झाड लावा, उन्हाळ्यात सावली मिळेल आणि हिवाळ्यात ऊन. आपली झाडे पाने टाकतात ती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे ऊन तापायला लागते तेव्हा. डिसेंबरात ती हिरवीगार असतात. त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यातले ऊन मिळवायचे ते झाडाच्या जागेने, पानगळीने नव्हे.

बहावा देखणा आहे, पण एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर फुलेच असतात, पाने फारशी नसतात. सावलीसाठी तो चुकीचा. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात तुटतात आणि मुळे फरशी उचलतात. कडुनिंबाची सावली उत्तम, पण निंबोळ्या पडतात त्या नेमक्या पावसाच्या तोंडावर, आणि ओल्या दगडावर त्यांचा चिकट लगदा होतो. मोठ्या मैदानाच्या कडेला कडुनिंब जरूर लावा, ३० बाय ४० च्या चौकात नको. सप्तपर्णीचा वास पावसाळा संपल्यावर संध्याकाळी इतका उग्र होतो की वर्गांच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. उंबर, वड, पिंपळ पायाजवळ नकोतच. बकुळीचा एकच दोष, ती सावकाश वाढते. सात-आठ फुटांचे रोप लावले तरी कामाची सावली यायला आठ-दहा वर्षे जातात. तोवर त्या कोपऱ्यावर बांबूचा किंवा लोखंडी नळ्यांचा मांडव घालून मधुमालती चढवा, झाड मोठे झाले की मांडव काढा.

झाड मरते किंवा खुरटते ते खड्ड्यात. चार फूट बाय चार फुटांचा खड्डा खणला, रोप लावले, भोवती दोन फुटांचे काँक्रीटचे कडे घातले, की पाच वर्षांनी ते झाड तेवढेच राहते. वीस फुटांच्या छत्रीला अंदाजे १२ ते १५ घनमीटर मोकळी माती लागते. त्या चौकात बुंध्याभोवती आठ बाय आठ फूट उघडी माती आहे आणि तिला जोडून पश्चिमेच्या भिंतीला समांतर चार फूट रुंद, वीस फूट लांब पट्टा, भिंतीपासून दोन फूट सोडून, नाहीतर भिंतीला ओल धरते. दोन्ही ठिकाणी साडेतीन फूट खोलीपर्यंत माती भरली की सुमारे पाच ब्रास होते. दोन भाग पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू, रोपाच्या खड्ड्यात किलोभर निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती भरू नका. खणून झाले की खड्डा पाण्याने काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर खाली बहुधा सलग कातळ आहे. तो फोडून पाण्याला वाट करा किंवा तळातून चर काढा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजतील. मातीची पातळी फरशीपेक्षा दोन इंच खाली ठेवा, म्हणजे पाणी आत येते. आणि बुंध्याभोवती नंतर पार बांधून माती चढवू नका. बुंधा मातीत गाडला गेला की साल कुजते, आणि झाड का वाळले ते कुणालाच कळत नाही.

पट्ट्यात तगर, अडुळसा, कोरांटी अशी झुडपे आहेत, कमरेच्या वर जाऊ न दिलेली. लॉन नाही, आणि ते बरेच आहे. लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागते, झाडाखाली ते नीट वाढत नाही, आणि शेवटी त्यावर “लॉनवर बसू नये” अशी पाटी लागते. कारंजेही नाही. बोअरच्या जड पाण्याने पंपात आणि तोट्यांवर क्षार धरतात, पंप बंद पडला की तळ्यात डास होतात. पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवत असाल तर ते दोन-तीन दिवसांनी घासून पुन्हा भरा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर पुरतो.

बोळीचे काम फक्त ये-जा करण्याचे नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडचा असतो. तो बोळीतून शिरतो, चौकातून जातो आणि पूर्वेच्या जाळीतून बाहेर पडतो. हा मार्ग बंद केला तर चौक तापलेल्या कढईसारखा होतो. वरून पॉलिकार्बोनेटचे किंवा फायबरचे छत घालण्याचा प्रस्ताव प्रत्येक चौकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच, “पावसाळ्यात जागा वापरता येईल” असे म्हणत. तो कृपा करून नामंजूर करा. गरम हवा वर जायची वाट त्याने बंद होते, ऊन आत येतच राहते, बकुळीला पाऊस मिळत नाही आणि दोन वर्षांत छत पिवळे पडून गळू लागते. पावसाळ्यात वापरायला आठ फुटांची ओसरी आहे.

एसीच्या युनिटांचेही तसेच. एक युनिट लागले की पुढच्या वर्षी चार लागतात, प्रत्येक जण आतली उष्णता चौकात फेकतो, वर पाणी ठिबकते ते वेगळेच. इमारतीचा नकाशा मंजूर करतानाच युनिटांची जागा गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर दाखवून घ्या आणि चौकाकडच्या भिंतीवर तांब्याच्या नळीसाठी भोकच ठेवू नका. स्वच्छतागृहाचे एग्झॉस्ट पंखे आणि जनरेटरचा धूरही चौकाकडे नको. कार्यालयाच्या खिडक्या मात्र चौकाकडे हव्यात. खिडकीचा उंबरा साडेतीन फुटांवर ठेवला तर आत बसलेल्याचे चौकाकडे सहज लक्ष राहते आणि बाहेर बसलेल्याला कुणी टक लावून पाहतेय असे वाटत नाही. मुलींना अशी जागा निर्धास्त वाटते ती यामुळे.

दिवे ओसरीच्या छताखाली, पिवळसर आणि मंद. खांबावरचा पांढरा फोकस लावला की पावसाळ्यात किड्यांचा थवा आणि डोळ्यांवर तिरीप. लॅपटॉपसाठी प्लगची बोर्डे ओसरीच्या भिंतीवर, पाण्यापासून सुरक्षित झाकणाची, स्वतंत्र सर्किटवर आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). चौकात उघड्यावर प्लग नकोत.

एवढे सगळे ठरवूनही चौक बिघडतो तो बांधकामाच्या काळात. मधली मोकळी जागा म्हणजे कंत्राटदाराचे आयते कोठार. तिथे सळई कापली जाते, सिमेंट कालवले जाते, शेवटी राडारोडा तिथेच पसरून वर चार इंच लाल माती टाकली जाते. सिमेंटने मातीचा कस जातो, डंपरच्या चाकांनी ती दगडासारखी घट्ट होते, आणि मग “इथे झाडच जगत नाही” असा निष्कर्ष निघतो. म्हणून निविदेतच लिहा की चौकाच्या जागेवर सामान ठेवायचे नाही. झाडाचा खड्डा आणि मातीचा पट्टा पायाच्या कामाबरोबर खणून, भरून, भोवती पत्रे ठोकून बंद करा. इमारत उभी राहीपर्यंत दोन वर्षे गेली तर तेवढे वाढलेले झाड आयते मिळेल.

निविदेत “लँडस्केपिंग, एकरकमी” अशी एक ओळ असते, तीही काढून टाका. त्या ओळीत पेव्हर, लॉन आणि कुंड्या यांच्याशिवाय काही येत नाही. मुरूम, खडी, दगड, नाली, चेंबर, पोयटा, रोप, तीन वर्षांची देखभाल, प्रत्येकाची वेगळी बाब आणि वेगळे मोजमाप हवे. थर झाकण्याआधी अभियंत्याने प्रत्येक थराची जाडी मोजून फोटोसह नोंद करावी.

देखभाल फार नाही, पण ती कुणाच्या तरी नावावर हवी. मेअखेर नाली आणि चेंबर साफ करणे, पहिल्या मोठ्या सरीनंतर कुठे पाणी साचते ते खडूने आखून घेणे, ऑक्टोबरात सांध्यांत पुन्हा बारीक खडी भरणे, हिवाळ्यात बकुळीच्या खालच्या फांद्या काढणे. झाडायला मऊ झाडू द्या, खराट्याने सांध्यांतली खडी निघते. प्रेशरच्या पाण्याने फरशी धुणे तर पूर्ण बंद. त्या चौकातही ईशान्य कोपऱ्यात सहा-सात दगड डगमगतात, आणि तिथलेच सांधे रिकामे दिसतात.

मोठी उदाहरणे पाहायची असतील तर पुणे दूर नाही. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत चार्ल्स कोरिया यांनी केलेला मधला कुंड समित्यांनी जाऊन बघावा. बंगळूरच्या आयआयएममधले बाळकृष्ण दोशी यांचे दगडी चौकही. पण ती कामे भव्य आहेत आणि ती बघून “आपल्याला कुठे जमणार” असे वाटण्याचा धोका असतो. १,२०० चौरस फुटांच्या चौकाला नामवंत वास्तुरचनाकार लागत नाही, वेळेवर काढलेला नकाशा लागतो. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीहून एसटीने येणाऱ्या मुलांचा तास सकाळी अकराला संपतो आणि परतीची गाडी तीनची असते. मधले चार तास ती जिथे काढतात ती जागा, आमच्या मते, वर्गखोलीइतक्याच काळजीने बांधली पाहिजे.

ज्या समितीला आपल्या आवारातली जागा तपासून घ्यायची असेल, तिच्यासाठी आम्ही विनामोबदला येऊ. तयारी म्हणून उत्तर दिशा आणि भोवतीच्या बांधकामांच्या उंची दाखवलेला नकाशा काढून ठेवावा. जागेत तीन फूट खोल खड्डा खणून आदल्या दिवशी सकाळी तो पाण्याने भरून ठेवावा. सावलीचा अंदाज मेमध्ये सर्वांत चांगला येतो, त्यामुळे शक्यतो परीक्षा सुरू असतानाच बोलवावे, दुपारी बारा ते साडेचार या वेळेत.

आपले नम्र,
नाशिकमधील काही वास्तुरचनाकार, दगडकामाचे ठेकेदार, गवंडी आणि माळी